शेरा: पाने गहाळ

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून, नमस्कार. भाऊजींनाही सांग; ते पेपरातून डोकं वर काढणार नाहीत, तरी सांग. तुझी कंबर कशी आहे? रक्तदाबाची गोळी रोज घेतेस, की अजून अर्धी मोडून उरलेली उद्यासाठी ठेवतेस? (ठेवतेसच. तू साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारी बाई. पण गोळी म्हणजे साबण नव्हे, एवढं ऐक.) माझं म्हणशील तर उजवा गुडघा सकाळी दुखतो आणि डावा संध्याकाळी, मधल्या वेळात मी ठणठणीत असतो.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी फळीवर ठेवलं असशील आणि दोन दिवसांनी, घरात कोणी नाही असं पाहून, उघडलं असशील. आपण दोन वर्षं बोललो नाही, हे मी विसरलेलो नाही. तुझ्या नव्या घरी पाहुणे जमलेले असताना, बाथरूमचा उतार चुकला आहे हे सिद्ध करायला मी भरलेली बादली ओतली आणि पाणी मोरीकडे जायचं सोडून थेट बैठकीत, तुझ्या व्याह्यांच्या पायाखाली गेलं. उताराबद्दल माझं बरोबर होतं. चाळीस वर्षं नळाचं काम केलेल्या माणसाला उतार डोळ्यांनी दिसतो, बादलीची गरजच नव्हती, आणि तीच तर चूक. तू म्हणालीस, "पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस," आणि मी म्हणालो, "ओल्या फरशीवर ठेवतंय कोण?" त्या उत्तराचा मला दोन दिवस फार अभिमान वाटला. नंतरची दोन वर्षं वाटला नाही. तेव्हा हे पत्र कशासाठी, हे कळायला तुला जरा धीर धरावा लागेल, कारण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला माझ्या जन्मापासून ठाऊक आहे.

तर सुरुवात नळापासून. (माझ्या आयुष्यात दुसऱ्या कशापासून झाली आहे?) आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मुलांच्या खोलीत हात धुवायचं एक बुटकं बेसिन आहे, त्याचा नळ गळत होता. मी काम सोडून चार वर्षं झाली, पण ग्रंथपाल बाईंचा निरोप आला म्हणून पिशवी उचलून गेलो. काम वॉशर बदलण्याचं, पंधरा मिनिटांचं. ते मी चार दिवस पुरवलं. पहिल्या दिवशी वॉशर मिळत नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चुकीच्या मापाचा नेला. तिसऱ्या दिवशी नळ दुरुस्त झाला, तर "एक दिवस नजर ठेवावी लागेल" असं सांगून चौथ्या दिवशी नजर ठेवायला गेलो. आता तुझ्यापासून काय लपवायचं? तुझी भावजय गेल्यापासून माझ्या घरात दिवसभरात कुकरच काय तो आवाज करतो, तोही तीन शिट्ट्यांपुरता. आणि तिथे सकाळी म्हातारे एकमेकांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात आणि बातमीपेक्षा जास्त वेळ बातमीवर भांडतात, दुपारी बायकांचं विणकाम मंडळ स्वेटरच्या एका बाहीत गावातले तीन संसार उसवून परत विणून काढतं, आणि शाळा सुटली की मुलं येऊन कागद, डिंक आणि एकमेकांचे केस यांचा काला करतात. चौथ्या दिवशी बाई रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या, "नळ कालच नीट झालाय. उद्यापासून नळाशिवाय आलात तरी चालेल." माझा चेहरा कसा झाला असेल ते तू ओळखशील, चोरून साखर खाताना तू मला पुष्कळदा पकडलं आहेस.

या बाई म्हणजे नियमाचं माणूस. बोलणं कमी, शिक्के जास्त. पण त्यांच्या डोक्यातून जी कल्पना निघाली ती कोणा शिस्तीच्या माणसाला सुचेल असं वाटलं नव्हतं. महिन्यातून एका शनिवारी गावातली माणसंच पुस्तकं म्हणून बसवायची. कोणी नर्स, कोणी बसड्रायव्हर, कोणी भट्टीवर पाव भाजणारा. मुलांनी कार्ड दाखवून माणूस घ्यायचा, वीस मिनिटं त्याला हवं ते विचारायचं आणि परत करायचा. कल्पना इथवर हलकीफुलकी, पुढे बाईंचा नियम सुरू झाला. प्रत्येकाचं दाखल कार्ड केलं. क्रमांक, नाव, विषय, आणि शेवटी 'प्रतीची स्थिती'. माझं नाव 'नळ आणि मी' (मीच सुचवलं, आता लाज वाटते). स्थितीच्या रकान्यात बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि लिहिलं, 'वेष्टन जीर्ण, बांधणी ठीक.' मी हरकत घेतली नाही. या वयात बांधणी ठीक म्हणणारं तरी कोण भेटतं?

पहिल्या शनिवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून, छातीवर क्रमांकाची चिठ्ठी टाचून भिंतीशी बसलो. ड्रायव्हरपुढे रांग. ब्रेक निकामी झाला तेव्हा काय केलं, हे तो पोटतिडकीने सांगत होता. (त्याचा ब्रेक कधी निकामी झालेला नाही. त्याच्या घराचे नळ मी बसवलेत, मला माहीत आहे.) नर्सबाईंपुढे रांग. पाववाला पाव घेऊन आला होता, त्याची गोष्टच सोड. माझ्याकडे तासाभरात एकच गिऱ्हाईक आलं, आणि त्याने संडास कुठे आहे ते विचारलं. मग माझ्यातला शहाणा उठला. विचार केला, ड्रायव्हर गाडी आणू शकत नाही, पण माझं तर सगळं सामान इथेच आहे. मुलांना हाक मारली, बेसिनखाली बसलो आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं हे दाखवायला पाना लावून जोड सैल केला. मुख्य कॉक बंद करायचा राहिला. ताई, चाळीस वर्षांत ही चूक मी केली नव्हती. शिकाऊ माणसाला याच चुकीसाठी घरी पाठवायचो.

पाण्याने आधी माझा इस्त्रीचा शर्ट घेतला, मग चटई, मग खालच्या फळीवरची चित्रांची पुस्तकं. एकोणतीस. मोजून एकोणतीस, कारण बाईंनी त्याच क्षणी रजिस्टर उघडलं. मी कॉक बंद करून ओलाचिंब उभा राहिलो आणि हाकलून देण्याची वाट पाहू लागलो. खरं सांगायचं तर तुझं दारात उभं राहून बोललेलं वाक्यच कानात होतं. इथेही लोक पाहत असताना मी पाणी सांडलं होतं आणि इथेही ते मला मोठेपणा हवा होता म्हणून. तुझ्याकडे निदान उतार तरी चुकलेला होता, इथे चुकलेला फक्त मी. बाईंनी चष्मा पुसला, एक खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बसा. एक पान उलटायचं, कोरडा कागद घालायचा, सुकलं की पुढचं पान. एकोणतीस पुस्तकं आहेत, सावकाश होऊ द्या." एवढंच. माझ्या पाठीवर टाकायला पाववाल्याचं फडकं दिलं. त्या बाईंचे उपकार मी कसे फेडू, मला कळत नाही.

आता मला मनात वाचता येत नाही, हे तुला माहीत आहे. ओठ हलतात, आणि ओठ हलले की आवाज येतो. त्यामुळे पान उलटताना मी ते वाचायला लागलो, आणि जी मुलं पुस्तकांच्या दुसऱ्या बाजूने कागद घालत होती ती ऐकायला लागली. पण पान सुकल्याशिवाय उलटायचं नाही असा हुकूम. राक्षस दाराशी येऊन उभा, आत राजकन्या एकटी, आणि पान ओलं! मग काय, बारा मुलं गाल फुगवून त्या पानावर फुंकर घालताहेत, विणकाम मंडळाच्या अध्यक्षीण बाईही वाकून फुंकर घालताहेत आणि ड्रायव्हरपुढच्या रांगेत फक्त ड्रायव्हर उरलेला. तेव्हापासून दर शनिवारी मुलांना गोष्ट वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पुस्तकं सुकून फुगली आहेत, फळीत मावत नाहीत, पण मुलं तीच मागतात. कोरड्या पुस्तकाला मजा नाही म्हणतात.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग पुढच्या महिन्याच्या शनिवारी मला माझा पहिला खरा वाचक मिळाला. समोरच्या झेरॉक्सवाल्या बाईंची आठ वर्षांची मुलगी. वाचनालयात तिला सगळे 'प्रश्नपत्रिका' म्हणतात. तिने कार्ड दिलं, शिक्का मारून घेतला, समोर मांडी घालून बसली आणि पेन्सिल काढली. नळात तिला रस नव्हता. तुम्ही नळवाले का झालात, असा पहिलाच प्रश्न. मग मी माझी हुकमी गोष्ट काढली, जी तू माझ्या लग्नापासून तुझ्या नातवाच्या बारशापर्यंत निदान पन्नास वेळा ऐकली आहेस. सात वर्षांचा असताना गणिताच्या परीक्षेला घाबरून मी गच्चीवरच्या, धुवायला रिकाम्या केलेल्या टाकीत लपलो, झाकण ओढून घेतलं, झोप लागली, दुपारी पाणी सुटलं, ते गळ्यापर्यंत आलं, आणि मी पाण्याच्या पाइपला धरून स्वतःच्या हिमतीवर वर आलो. पाइपाने मला वाचवलं, म्हणून मी आयुष्य पाइपांना वाहिलं. इथे ऐकणारे नेहमी माना डोलावतात आणि कोणीतरी चहा आणतं.

प्रश्नपत्रिकेने मान डोलावली नाही. तिने वहीत टाकी काढली. किती उंच? तुम्ही किती उंच होतात? पाइप कुठे होता? पाइप वरून आत येतो ना, मग झाकणाजवळच असणार. पाणी गळ्यापर्यंत होतं तर हात तिथवर पोचला कसा? तुम्हाला पोहता येत होतं? नव्हतं. मग? ताई, माझी पाचावर धारण बसली. पन्नास मैफली मारून नेलेली गोष्ट एका पेन्सिलीने आडवी केली. वीस मिनिटं संपली, मी सुटलो असं वाटलं, तर तिने मुदत वाढवून मागितली. नियम असा की दुसऱ्या कोणी नोंदवलं नसेल तर पुस्तकाची मुदत वाढते. दुसऱ्या कोणीही नोंदवलं नव्हतं.

मग मी खरं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही आठ वर्षांच्या पोरीला. पाइपापर्यंत माझा हात पोचलाच नव्हता. मी ओरडून ओरडून गप्प झालो होतो. झाकण सरकलं आणि बारा वर्षांची ताई आडवी पडून आत वाकली. तिने कपडे वाळत घालायची दोरी कापून आणली होती, ती माझ्या काखेतून घ्यायला लावली आणि कठड्याला पाय लावून ओढलं. तिच्या तळहाताची सालटी निघाली. मग तिने मला उन्हात उभं करून वाळवलं आणि शाळेतून आल्यासारखा घरात पाठवलं. संध्याकाळी आईने विचारलं, दोरी कोणी कापली, धुतलेले कपडे मातीत कोणी पाडले? ताई म्हणाली, मी. खेळायला हवी होती. तिने मार खाल्ला, आणि मी पानावर बसून दुसऱ्यांदा भात मागितला.

मुलीने हे सगळं लिहून घेतलं आणि शेवटचा प्रश्न विचारला, "पण तुमच्या ताईला कसं कळलं तुम्ही टाकीत आहात?" मला माहीत नव्हतं. "तुम्ही विचारलं नाहीत?" म्हटलं, राहून गेलं. "किती दिवस?" मी हिशेब केला. एकोणसाठ वर्षं. ती उठली, बाईंच्या टेबलावर गेली आणि तिथे खराब पुस्तकांचं रजिस्टर असतं त्यात माझा क्रमांक टाकून, जीभ बाहेर काढून, नीट अक्षरात शेरा लिहिला: 'पाने गहाळ. शेवट नाही.' बाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझं कार्ड कपाटात बंद केलं. अपूर्ण प्रत वाचकाला द्यायची नाही, असा नियम आहे.

त्या दिवसापासून मी याच गोष्टीशी अडून बसलो आहे. तुला कसं कळलं, हा प्रश्न तर आहेच. पण त्याहून जास्त हे की मी ती पाइपाची थाप तुझ्यासमोर बसून मारायचो आणि तू ऐकून घ्यायचीस. एकदाही म्हणाली नाहीस की अरे, खोटं किती बोलशील. उलट माझं बोलून घसा सुकला की तूच पाणी आणून द्यायचीस. आणि त्याच ताईच्या घरी, तिच्या आयुष्यातल्या पहिल्या स्वतःच्या घरी, मी चार लोकांत बादली उपडी केली. उतार चुकला होता तर मी दुसऱ्या दिवशी थापी घेऊन येऊन गुपचूप नीट करून द्यायला हवा होता. तू माझ्यासाठी दोरी गुपचूपच कापली होतीस. माझं चुकलं, ताई. आणि टाकीतून काढलंस त्याबद्दल आभार मानतो. उशीर झाला आहे, पण मानतो. तुझ्यामुळे मला पुढची सगळी वर्षं मिळाली, त्यातली बरीचशी मी बढाया मारण्यात घालवली, तरी चांगली होती.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना चष्म्याचा नंबर तपासायला सांग आणि गोळी अख्खी घेत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र रागाने फाडलं नसशील तर मागच्या बाजूला माझा फोन नंबर आहे. तोच जुना. तू पाठ केलेला आहेस, पण विसरल्यासारखं करायचं असेल तर असू दे.

ता. क. दुसरा. वर सगळं आभाराचं लिहिलं आहे आणि ते खरं आहे, पण पत्रामागे एक काम आहे. येत्या शनिवारी दुपारी चारला पुन्हा माणसांची पुस्तकं बसणार. मी तुझं नाव देऊन टाकलं आहे. विचारलं नाही, ही माझी नेहमीची खोड, पण तू 'खंड दुसरा' आहेस, तुझ्याशिवाय 'खंड पहिला' कपाटातून सुटत नाही. बाईंनी तुझं कार्ड केलं आहे. 'प्रतीची स्थिती' मी सांगायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, प्रत आल्याशिवाय रकाना भरत नाही.

ता. क. तिसरा, आणि हे न लिहिता पाकीट चिकटवणार होतो. बाईंनी मला बाजूला घेऊन सुचवलं की एवढं कशाला, शेवट मनाने रचून सांगा. ताईला स्वप्न पडलं म्हणा, मांजर टाकीजवळ ओरडत होतं म्हणा, मुलांना काय कळतंय. (नियमाची बाई, तिने माझ्यासाठी अपूर्ण प्रतीचा नियम वाकवला. तिलाही माझी दया आली असावी.) रचायला मला किती वेळ लागतो? पाइपाची गोष्ट मीच रचली होती. त्या मुलीला पटेल असं मी अजूनही काहीतरी सांगू शकेन. पण आता तिच्यापेक्षा मलाच कळून घ्यायचं आहे, आणि ते सांगणारं जगात एकच माणूस उरलं आहे. तुझ्या गावाहून दुपारची पहिली गाडी इथे अडीचला येते. मी स्टँडवर असेन. तिला तू नसलीस तर साडेतीनची बघेन. तिलाही नसलीस तर मुलं चारला गोष्ट ऐकायला बसलेली असतील, त्यांना ड्रायव्हर सांभाळेल. मी साडेपाचच्या गाडीला थांबेन.